दोन पुड्या आणि आईची किडनी

अंबाजोगाईला देवीपुढं हात जोडून उभा राहिलो आणि जे मागायला आलो होतो नेमकं तेच मला मागता येईना. मागं रांग होती. माझ्या पुढच्या बाईनं लेकाला नोकरी मागितली, मागच्या माणसानं मोठ्या आवाजात पाऊस मागितला. माझं मागणं असं होतं की देवळात तर सोडाच, घरात बायकोजवळसुद्धा ते मी तोंडातून काढलं नव्हतं. शेवटी पुजारी "चला, पुढं चला" म्हणाले तेव्हा मी घाईघाईनं "सगळ्यांचं भलं कर" असं पुटपुटलो आणि सरकलो. इतकं मोघम मागणं देवीनं त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नसेल.

आता आडपडदा ठेवत नाही. मला माझं नवरेपण परत हवं होतं. दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून ते गेलं होतं आणि ते गेलंय हे कुणालाही कळू न देण्यात माझी उरलीसुरली ताकद खर्च होत होती.

त्या वर्षी मी पस्तिशीत होतो. मांजरसुंब्याजवळ आमचं गाव, आणि गावच्या सहकारी दूध संस्थेचा मी सचिव. दुष्काळ असा होता की विहिरींच्या तळाला पोरं क्रिकेट खेळत. संस्थेनं जनावरांसाठी चारा छावणी उघडली होती, तिचंही काम माझ्याकडंच. लोकांच्या दुधात नळी बुडवून त्यातलं पाणी पकडण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं. एका म्हातारीनं नुसती ओली घागर वापरली तरी मी ओळखायचो. आणि माझ्या स्वतःच्या अंगात साचत चाललेलं पाणी मला पाय सुजून चपला बसेनाशा होईपर्यंत कळलं नाही. ब्लडप्रेशर कधीपासून चढलेलं होतं, डोकं दुखायचं, आणि मी डोकेदुखीच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खात होतो. एक दिवस दम लागून छावणीच्या दावणीतच बसलो. शेजारच्या बैलानं माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं, इतकं मला आठवतं.

तिथून पुढं आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला डायलिसिस. डाव्या हाताची शीर जोडून मोठी केली, तिच्यात दोन सुया आणि चार तास. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं, दिवसाला एक लिटर, त्यातच चहा आणि आमटी. गावाला टँकर आठ दिवसांनी यायचा, लोक पाण्यासाठी भांडायचे, आणि सगळ्या गावात मी एकटाच असा होतो की सरकारनं दिलेलं पाणी मला पुरून उरायचं.

या सगळ्यावर मी विनोद करायचो आणि लोक हसायचे. पण एका गोष्टीवर विनोद सुचत नव्हता. आधी इच्छा आटली. विहीर आटावी तशी, एकदम नाही, रोज थोडी थोडी. मग कधी एखाद्या दिवशी इच्छा झालीच तर अंग साथ देईना. दोनदा तसं झाल्यावर तिसऱ्यांदा जवळ जायची मला भीतीच बसली. मग मी युक्त्या केल्या. सात वर्षांच्या मुलीला आम्हा दोघांच्या मधे झोपवायला लागलो, म्हटलं तिला भीती वाटते. मुलगी अंधारात एकटी परसात जाणारी, तिला कसली भीती. पुढं छावणीवर राखणीला माणूस मिळत नाही असं सांगून मी तिकडंच झोपायला जाऊ लागलो. माणसं तीन होती राखणीला.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, मुकाट्यानं डबा भरून द्यायची. तिनं माझं आजारपण कंबर कसून उचललं होतं. पथ्याची आमटी, दोनदा उकळून पाणी काढलेली भाजी, गोळ्यांच्या वेळा, कशातच चूक नाही. पण मी तिच्याकडं बघणंच टाळतोय हे तिला दिसत होतं. कारण कळत नव्हतं, म्हणून तिनं आपल्या परीनं कारणं लावली. एक दिवस डबा हातात देताना ती म्हणाली,

"आवो, मी काय तुमच्या छावनीतली म्हैस हाय का? दोन टायमाला इचारपूस केली की झालं?"

मी म्हणालो, "आसं कावून म्हणतीस?"

"मंग दुसरं कुनी आसंल तर सांगून टाका. मी आपली आत्याबाईच्या बरुबर ऊस तोडाया जाईन." आत्याबाई म्हणजे माझी आई.

दुसरं कुणी. मला रडावं का हसावं कळेना. जो माणूस पहिलीलाच तोंड दाखवू शकत नव्हता त्याला दुसरी. पण खरं सांगायची हिंमत झाली नाही, आणि मी रागावल्याचं सोंग आणून सायकल काढली. बायकोला आपण खोटे आहोत असं वाटलेलं चालेल, पण अपुरे आहोत असं वाटायला नको, हे त्या वयातलं माझं शहाणपण.

सायकलवर मी कारण शोधत होतो आणि मला कारण सापडलं. आमच्याकडं लग्न झालं की नवरा-नवरीनं आधी कुलदैवताला जाऊन यायचं आणि मगच संसाराला लागायचं अशी रीत. आमचं कुलदैवत अंबाजोगाईची देवी. लग्नानंतर आम्हाला जी जीप नेणार होती तिच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, दुसरी मिळेपर्यंत चार दिवस जाणार होते, आणि मी ते चार दिवस थांबलो नाही. सुनंदा नको नको म्हणत होती. मीच म्हणालो, देवीला काय कळतंय. पुढं देवदर्शनाला गेलो तेव्हा साळसूदासारखा ओटी भरून आलो. आता सायकलवर मला शंभर टक्के वाटलं की देवीला सगळं कळलं होतं आणि बारा वर्षं गप्प बसून तिनं आज हिशेब चुकता केला. शिवाय देवी स्वतः कुमारी. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, मुहूर्त टळला आणि राहूनच गेलं अशी कथा लहानपणापासून ऐकलेली. जिचा मुहूर्त टळला तिच्यापुढं मी मुहूर्ताआधीच घाई केलेली. अशा देवीपुढं कोणत्या तोंडानं उभं राहायचं.

म्हणून त्या गुरुवारी डायलिसिस उरकून देवळात गेलो ते माफी मागायला, आणि "सगळ्यांचं भलं कर" म्हणून बाहेर आलो. बाहेर खण-नारळ विकणाऱ्या एका म्हातारीच्या पाटीशेजारी मी बसकण मारली. डायलिसिस झाल्यावर पायात बळ नसतं. तिनं मला निरखलं आणि विचारलं, "काय रं लेकरा, मागायचं ऱ्हाऊन गेलं का?"

अनोळखी माणसापुढं जीभ सुटते. मी म्हणालो, माझ्या एका मित्राची अडचण आहे. मित्राची सगळी हकिगत सांगितली, जीपचा पाटा, चार दिवस, सगळं. म्हातारी ऐकत ऐकत नारळाच्या शेंड्या काढत होती. मग म्हणाली,

"ह्या मैतराच्या तोंडावर बी तुज्यावानीच सूज हाय का?"

मी तोंडावरून हात फिरवला.

"आरं, आक्की दुनिया हितं डोकं टेकाया येती. तिला तुजे चार दिस बारा वरीस ध्यानात ठिवाया येळ हाय व्हय? ती आई हाय, तलाठी न्हाई." तिनं वर्तमानपत्राच्या तुकड्यात थोडा अंगारा बांधला आणि माझ्या हातावर ठेवला. "ह्यो लाव कपाळाला. आन् ज्या डाक्टरकडं सुया टोचून घेतो त्याला सांग की हे. मला नारळवालीला सांगतो, त्याला सांगाया काय झालं?"

हा सल्ला मी ऐकला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मी शहाणा. बसमधून येताना मांजरसुंब्याच्या चौकात, ढाब्यांच्या पलीकडं, एक पिवळा तंबू दिसला. बाहेर पाटीवर पिळदार मिशांचा पैलवान आणि खाली 'गुप्त इलाज'. मी तिथंच उतरलो आणि गावाकडचा फाटा सोडून आत शिरलो. आत पागोटं बांधलेला एक वैदू बरण्यांच्या रांगेमागं बसलेला. मी त्याला किडनीचं सांगायला लागलो तर त्यानं हात वर केला.

"किडनी-बिडनीचं ऱ्हाऊ द्या मालक. रग पायजे का न्हाई, येवढं बोला."

मी म्हणालो, "पायजे."

"मंग चिमूटभर दुदातून. आठ दिवसात घोडा." त्यानंही वर्तमानपत्रातच पुडी बांधली. राखाडी रंगाचं भस्म होतं. मी ती पुडी अंगाऱ्याच्या पुडीशेजारी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि फाट्यापर्यंत ताठ मानेनं चालत गेलो. नुसत्या पुडीनंच एवढा फरक.

घरी आल्यावर सदरा खुंटीला अडकवून हातपाय धुवायला गेलो. परतलो तर आई सदरा घेऊन धुण्याकडं निघालेली. म्हणाली, "देवीचा आंगारा आनलास तर सांगावं का न्हाई? घामानं भिजला आसता. देव्हाऱ्यात ठिवलाय." मी खिसा चाचपला, एक पुडी शिल्लक होती. अंगारा देव्हाऱ्यात गेला, म्हणजे खिशातली ती औषधाची, हे सरळच होतं. त्या रात्रीपासून मी लपून दुधातून चिमूट चिमूट घ्यायला लागलो. चवीला अगदी राखेसारखं. मी मनाशी म्हटलं, असली दवा अशीच असणार, गोड असती तर पोरांनी खाल्ली असती.

चौथ्या दिवशी मला तरतरी वाटायला लागली. सहाव्या दिवशी मी मिशांना तेल लावलं. संस्थेत दूध घेताना गुणगुणत होतो आणि त्या दिवशी दोघांचं पाणी घातलेलं दूध मी न बोलता मापात ओतून घेतलं, एवढा दिलदार झालो होतो. आठव्या दिवशी मुलीला आईकडं झोपायला पाठवलं आणि अंबाजोगाईहून येताना आणलेला मोगऱ्याचा गजरा सुनंदापुढं धरला. प्यायला पाणी नसलेल्या गावात गजरा. ती कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिली, मग माळला.

पुढं काय झालं ते एका वाक्यात सांगतो. काहीच झालं नाही.

मी भिंतीकडं तोंड करून बसलो. आता ती रागावेल, रडेल, उठून जाईल असं वाटलं. ती म्हणाली, "म्हंजी दुसरं कुनी न्हाई तर." तिच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्यानं मी मोडलो. सगळं सांगितलं. कधीपासून, कसं, छावणीवर का झोपायचो, जीपचा पाटा, म्हातारी, आणि शेवटी पुडी.

"कसली पुडी?" तिनं विचारलं.

मी कोनाड्यातून पुडी काढून दाखवली. सुनंदानं ती उघडली, वास घेतला, बोटावर घेऊन कपाळाला लावून पाहिली. म्हणाली, "आवो, ह्यो तर आंगारा हाय."

सकाळी देव्हाऱ्यातली पुडी काढली. आईनं त्यातलं आठ दिवस रोज देवपूजेनंतर स्वतःच्या कपाळाला लावलं होतं, नातीच्या लावलं होतं आणि छावणीत जाऊन म्हशीच्या कपाळालाही लावलं होतं. दोन वर्षं कोरडी असलेली आमची म्हैस त्याच आठवड्यात माजावर आली. डॉक्टर पुढं म्हणाले की हा योगायोग. मी वाद घातला नाही.

सुनंदानं मला दोन्ही पुड्यांसकट पुढच्या डायलिसिसला नेलं. डॉक्टर तरुण होते, चष्मा लावणारे, कमी बोलणारे. त्यांनी वैदूच्या पुडीतलं भस्म कागदावर पसरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "असल्या भस्मात बऱ्याचदा धातू असतात. निरोगी माणसाच्या किडनीला ते झेपत नाहीत, तुमच्याकडं तर काही उरलेलंच नाही. आठ दिवस हे खाल्लं असतंत तर तुम्ही आज इथं चालत आला नसता. किती घेतलं?"

"घ्यायचं राहून गेलं," मी म्हणालो.

"राहून गेलं म्हणजे?"

आम्ही सांगितलं. ते खुर्चीला टेकून बसले. मी देवभोळा आहे असं त्यांना वाटू नये म्हणून मी काही म्हणालो नाही, आणि ते विज्ञानाचे म्हणून तेही काही म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "अंगाराही खायचा नाही. तो कपाळाला लावतात." मग विचारलं, "पण हे घ्यायला का गेलात?"

मी छताचा पंखा बघायला लागलो. सुनंदा पदर सावरून म्हणाली, "सायेब, ह्यांना नवरा-बायकोचं जमत न्हाई आता. लाजत्यात सांगाया."

मला वाटलं आता जमीन दुभंगेल. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची आमच्याजवळ ओढली. अगदी पोटदुखीबद्दल बोलावं तसे ते बोलले. किडनी गेली की रक्त कमी होतं, अंगातलं पुरुषाचं हार्मोन उतरतं, शिरा आणि नसा सुस्तावतात, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी त्यात भर पडते, आणि उरलेलं काम काळजी करते. यात पाप नाही, शाप नाही, कमीपणा नाही. "या खोलीत झोपलेल्या बहुतेक पुरुषांची हीच तक्रार आहे. फरक इतकाच की त्यांच्या बायका अजून बोललेल्या नाहीत," ते म्हणाले. त्यांनी एक गोळी बदलून दिली, रक्त वाढायचं इंजेक्शन सुरू केलं. किडनी बदलली की पुष्कळांचं हळूहळू परत येतं, सगळ्यांचं येतंच असं नाही, आणि आलं तरी काही महिने लागतात, हेही सरळ सांगितलं. तोवर काय करायचं असं सुनंदानं विचारलं. "तोवर एका खोलीत झोपायचं," डॉक्टर म्हणाले, "आणि बोलत राहायचं."

त्या दिवशी चार तास सुया टोचून पडलेलो असताना मी शेजारच्या सहा खाटांकडं नव्या नजरेनं पाहिलं. केजचे एक रिटायर मास्तर, एक ट्रक ड्रायव्हर, एक सरपंच. सगळे छताकडं बघत होते. आजवर मला वाटायचं ते देवाचं नाव घेतायत. मी मास्तरांकडं वळून हळूच विचारलं, "गुरुजी, तुमचं बरं चाललंय का, घरी?" गुरुजी दचकले. मग म्हणाले, "कुठलं रे बाबा." पलीकडून ड्रायव्हर म्हणाला, "काय वो, तुमचं बी तेच का?" पुढं त्या खोलीत जे हसणं झालं त्यानं नर्सबाई धावत आल्या, कुणाचं यंत्र बिघडलं म्हणून. यंत्रं ठीक होती.

मी छावणीवर झोपणं सोडलं. रात्री सुनंदा माझ्या डाव्या हाताच्या त्या जोडलेल्या शिरेला कान लावायची. तिथं रक्त वाहताना घूं घूं असा आवाज येतो. "पोळं बसलंय आत," ती म्हणायची. बारा वर्षांत आम्ही जितकं बोललो नव्हतो तितकं त्या महिन्यांत बोललो. दुष्काळावर, माझ्या मूर्खपणावर, तिच्या लहानपणावर. नवरेपणाचं मी मागणं सोडून दिलं होतं. सोडलं म्हणण्यापेक्षा, ते मुठीत धरून ठेवणारा हात थकून उघडला.

किडनी द्यायची वेळ आली तेव्हा आईनं घरात कुणाला बोलूच दिलं नाही. सुनंदाचा रक्तगट जुळत नव्हता. वडील जाऊन सहा वर्षं झालेली. आईनं त्यांच्या जोडीनं वीस हंगाम ऊस तोडलेला, मणाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढणारी बाई. डॉक्टरांनी तिला धोके समजावून सांगितले. ती म्हणाली, "दोन हायेत न्हवं? मंग येक कावून ठिवायची निस्ती?" औरंगाबादला ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी पिशवीत साठलेली लघवी बघून रडलो. दीड वर्षानं मी माणसासारखा मुतत होतो, आणि शेजारच्या खाटेवरून आईनं हात जोडले.

आता पथ्य उलटं झालं. रोज तीन लिटर पाणी प्यायचं. गावात टँकर अजून आठ दिवसांनीच. आम्ही गावात परतलो त्या संध्याकाळी ज्यांच्या दुधात मी पाणी पकडायचो त्या एकेका घरातून उकळून गार केलेलं पाणी यायला लागलं. कुणी तांब्यात, कुणी कळशीत, कुणी धुवून घेतलेल्या दुधाच्या कॅनमध्ये. जिची ओली घागर मी एकदा परत पाठवली होती ती म्हातारीही आली आणि तांब्या पुढं करून म्हणाली, "घे बाबा. ह्यात दूद न्हाई." मी ते पाणी प्यालो तेव्हा देवळात घेतलेल्या कुठल्याही तीर्थापेक्षा ते मला मोठं वाटलं. पाण्यासाठी भांडणाऱ्या गावानं पाणी माझ्या दारात आणून ठेवलं, याला मी तरी दुसरं नाव देऊ शकत नाही.

चौथ्या महिन्यात एका पहाटे मला जाग आली आणि माझ्या लक्षात आलं की जे गेलं होतं ते आलंय. न बोलावता, न पुडी घेता. मी अंथरुणात निपचित पडून राहिलो, जणू हललो तर ते उडून जाईल. सुनंदा शेजारी झोपलेली. मी तिच्याकडं वळणार इतक्यात पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, टाक्यांची ओळ ताणली गेली. आणि मला आठवलं. नवी किडनी पाठीत बसवत नाहीत, ती पुढून, ओटीपोटात बसवतात. म्हणजे आई तिथं होती. माझ्या मांडीच्या वर चार बोटांवर माझी आई बसलेली होती.

मी परत भिंतीकडं तोंड केलं.

आता हसायला येतं, पण पुढचा महिनाभर मी खरोखर त्या विचारानं हैराण होतो. अंग तयार, मन लाजेनं चूर. डॉक्टरांनी टाके भरल्यावर हरकत नाही असं सांगितलेलं, सुनंदालाही ते माहीत. तिची नजर परत तशीच व्हायला लागली. एवढं सगळं पार करून मी पुन्हा त्याच जागी उभा होतो, आणि या वेळी तर कारणही आधीच्यापेक्षा येडपट. मी गोधडी उचलून ओसरीवर झोपायला गेलो.

तिसऱ्या दिवशी आईनं मला गाठलं. ती धान्य निवडत बसली होती, सूप मांडीवर. "कावून रं, बाहीर कावून झोपतोस?"

"उकडतंय आत."

"माघाचा म्हैना हाय."

मी सुपातला एक खडा वेचला. ती म्हणाली, "सुनंदी तोंड पाडून हाय. मला सांगत न्हाई, पन मला काय दिसत न्हाई का? किडनी दिली ती काय ओसरीत गोधडी टाकाया दिली व्हय?"

आईपुढं असलं बोलायचं म्हणजे मरण. पण एकदा सुनंदानं डॉक्टरांपुढं तोंड उघडलेलं मी पाहिलं होतं, आणि लाज राखून माझं आजवर काय भलं झालं तेही. मी जमिनीकडं बघत म्हणालो, "आई, तुजी किडनी हाय हितं. तू... तू हितंच असल्यावानी वाटतं मला."

 आईनं सूप खाली ठेवलं आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या कुशीत कळ आली, तिथं हात दाबून धरला आणि तरी हसत राहिली. डोळे पुसून म्हणाली,

"आरं बाबा, तू माज्या पोटात व्हता तवा आमी ऊसतोडीला गेलतो. पाचटाची कोपी, आत दोन मानसं पाय पसरून मावायची न्हाईत. मी आन् तुजा बाप त्यात पाच म्हैने ऱ्हाईलो. पाच म्हैने आमी काय देवाचं नाव घेत बसलतो का? तू तवा पोटात व्हतास न्हवं? लाजलास का कदी?"

मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली. "मी तुजी लाज धरली न्हाई, आन् तू माजी धरतोस. येडा कुठला."

त्याच दुपारी तिनं पिशवी भरली. नातीचे दोन फ्रॉक त्यात टाकले. उमापूरला तिची बहीण असते, तिच्याकडं आठ दिवस जाऊन येते म्हणाली. दारात चपला घालताना सुनंदाला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाली, "मी चाल्ले. किडनी ऱ्हाती हितं. तिला डोळं न्हाईत आन् कान बी न्हाईत, ध्यानात ठिव."

सुनंदा आत चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली होती. खांदे हलत होते.

देव कुठं भेटतो असं कुणी मला विचारलं तर मी गडबडतो. मला तो कधी गाभाऱ्यात दिसला नाही, तिथं मी एवढा घाईत होतो. पण एका म्हातारीनं मैतराच्या तोंडावरची सूज ओळखली, माझ्या आईनं धुण्याच्या घाईत दोनातली बरोबर ती पुडी उचलली, बायको माझ्यासाठी बोलली आणि आई माझ्यासाठी हसली. यातलं एकही मी मागितलेलं नव्हतं. मी जे मागत होतो ते तर मला धड उच्चारताही आलं नव्हतं. मी ज्या ज्या वेळी गोष्ट आपल्या हातात घेतली त्या त्या वेळी तंबूत जाऊन पोहोचलो, आणि हात सोडले तेव्हा कुणी ना कुणी येऊन धरले. शरण जाणं म्हणजे डोकं टेकणं असं मला वाटायचं. डोकं टेकणं सोपं असतं, खाली बघता येतं. आपल्या माणसाच्या डोळ्यांत बघून "मला जमत नाही" म्हणणं अवघड, आणि माझ्यापुरतं तेच देवीचं दार ठरलं.

त्या आठ दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. एवढी लाज शिल्लक ठेवायला देवीचीही हरकत नसावी. आठव्या दिवशी सकाळी मी सूप घेऊन धान्य निवडत होतो, सुनंदा भाकरी करत होती, आणि मोबाइल वाजला. उमापूरहून आई.

"काय रं, पानी पितोस का तीन लिटर?"

"पितो."

"गोळ्या?"

"घेतो."

 मागून माझी मुलगी मावसआजीशी भांडत असल्याचा आवाज येत होता. मग आईनं विचारलं, "येऊ का आज, का आजून ऱ्हाऊ?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदानं पिठाच्या हातानंच माझ्याकडून मोबाइल घेतला. कानाला लावला आणि अगदी हळू, आदबशीर आवाजात म्हणाली,

"आत्याबाई, मावशींना बरं वाटतंय तुमी गेल्यामुळं. ऱ्हावा की आजून आठ दिस."